डोंगराच्या पोटातले पाणी

नगरच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात दरडींवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्या जिल्ह्याचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ते दुष्काळ, टँकर, चारा-छावण्या आणि साखर कारखाने. दरडी कोसळायच्या त्या कोकणात, नाहीतर हिमालयात, अशी आपली समजूत. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण ही समजूत काही जुन्या नावाबरोबर गेली नाही. वास्तविक महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, हे आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर उभे आहे. हरिश्चंद्रगड आपला, रतनगड आपला. अकोले तालुक्याची पश्चिमेकडची कड म्हणजे सह्याद्रीची भिंतच होय. नगर शहरात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली असे दोन मुलूख नांदत आहेत.

आणि या दोन्ही मुलुखांत शाळांच्या भिंतींवर घोषणा मात्र एकच रंगवलेली दिसते, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. या घोषणेबद्दल आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा यात नवल नाही. राळेगणसिद्धीला १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि हिवरे बाजारला १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जे काम झाले, ते पाहायला देशभरातून लोक येतात. चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात डोंगरावर चर खणावेत, थेंब न् थेंब जमिनीत मुरवावा, म्हणजे खालच्या विहिरीला पाणी राहते, हे तेथे सिद्ध झाले आहे. माझ्याही गावाने (पारनेर तालुका) हाच धडा गिरवला आहे. प्रश्न एवढाच आहे की, पाचशे मिलिमीटरचा हा धडा पाच हजार मिलिमीटरच्या उतारावर जसाच्या तसा चालेल काय? प्रस्तुत लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले. चाळीसहून अधिक घरे आणि १५१ माणसे. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तेव्हा समोर गावच दिसेना, आणि त्यामुळे बाहेरच्या जगाला ही बातमी कळली, हे पुष्कळांना आठवत असेल. माळीण दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी हरिश्चंद्रगडापासून सरळ रेषेत ते जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर येते. डोंगर तोच, खडक तोच, पाऊस तोच, भाताची खाचरेही तशीच. जिल्ह्याची हद्द कागदावर असते, डोंगराला ती ठाऊक नसते.

त्यानंतर रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये (२२ जुलै २०२१) आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). दोन्ही ठिकाणी ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच महाड तालुक्यात जुई, दासगाव ही गावे २००५ च्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात अशीच सापडली होती. केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्काई आणि चूरलमला येथे जो प्रलय झाला त्याची तारीख ३० जुलै २०२४, म्हणजे माळीणला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली तोच दिवस. या सर्व तारखा शेजारी-शेजारी मांडून पाहाव्यात. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. पाऊस तर जूनमध्येही कोसळतो. मग जूनमध्ये डोंगर का टिकतो आणि जुलैअखेर का खचतो, याचे उत्तर मिळाले म्हणजे निम्मा विषय समजला असे म्हणावयास हरकत नाही.

त्यासाठी थोडे खळ्यावर जाऊ. बाजरीची रास घालताना वरून दाणे ओतत गेले की रास काही अंतरापर्यंत उंच होते, आणि मग कितीही ओतले तरी तिचा उतार तोच राहतो. फक्त बूड पसरत जाते. प्रत्येक ढिगाला त्याचा स्वतःचा एक कोन असतो. कोरड्या वाळूचा तो साधारण तीस ते पस्तीस अंश भरतो. दाणा दाण्यावर घासतो, त्या घर्षणामुळे ढीग उभा राहतो. आता तीच वाळू किंचित ओली करा. नदीकाठी पोरे ओल्या वाळूचे खोपे करतात, त्यांची भिंत सरळ उभी राहते, कारण थोडे पाणी कणांना एकमेकांशी चिकटवून धरते. पण त्याच खोप्यावर घागर ओतली की तो बसतो. म्हणजे थोडे पाणी बांधते आणि फार पाणी मोडते. घर्षण आणि चिकटपणा या दोन बळांवर मातीचा उतार उभा असतो, हे कूलोम या फ्रेंच अभियंत्याने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताने मांडले. (विज्ञान शाखेच्या मित्रांना त्याचे नाव विजेच्या धड्यात भेटते, मूळचा तो किल्ले बांधणारा अभियंता.)

पण फार पाणी नेमके मोडते कसे? सामान्यतः असे सांगितले जाते की पाण्याने माती जड होते आणि म्हणून घसरते. ते खोटे नाही. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे वजन सुमारे चारशे टन होते. दहा टनी ट्रक धरले तर चाळीस ट्रक. सगळेच काही जमिनीत मुरत नाही, तरी अंदाज यावा. परंतु वजन हे खरे कारण नव्हे, कारण वजनाने खाली ओढ वाढते तशी थरावरची दाबही वाढते. खरे कारण मार्केट यार्डात पाहायला मिळते. धान्याचे भरलेले पोते एकट्याला ओढवत नाही. पण दोघांनी दोन्हीकडून ते किंचित उचलून धरले की तिसरा ते सहज ओढत नेतो. पोत्याचे वजन कमी झालेले नसते, जमिनीवरची त्याची दाब तेवढी कमी झालेली असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की ते पाणी हेच करते. वरच्या थराचा भार ते आपल्या अंगावर घेते, कण एकमेकांवर दाबले जाणे कमी होते, आणि घर्षण हरपते. ही गोष्ट कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२५ च्या सुमारास स्पष्ट केली आणि त्यावर पुढे मृदायांत्रिकी हे सबंध शास्त्र उभे राहिले.

हे ध्यानात घेतले म्हणजे जुलैचे कोडे सुटते. उन्हाळ्यात डोंगर कोरडाठाक पडलेला असतो. जूनचा पाऊस तो पिऊन टाकतो. जुलैच्या मध्यापर्यंत त्याचे पोट भरते. त्यावर तीन-चार दिवसांची झड आली की पुढच्या पाण्याला आत जागा नसते, आणि कणांमधला दाब चढू लागतो. इर्शाळवाडीच्या परिसरात घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. वायनाडला अठ्ठेचाळीस तासांत ५७२ मिलिमीटर. नगरमध्ये वर्षभरात पडतो तेवढा. तेव्हा आज किती पडला एवढेच विचारून भागत नाही. आधी किती पडून गेला आणि त्यातला किती अजून आत आहे, हे विचारावे लागते.

आता पाणी आत साठते कुठे, ते पाहू. येथे मला पुस्तकापेक्षा घरातून जास्त कळले. माझे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात. खोदणाऱ्यांची स्वतःची एक भूगर्भविद्या असते. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आणि कधी दोन पाषाणांच्या मध्ये गेरूचा लाल थर. वर्गात सरांनी सह्याद्रीची आडवी छेद-आकृती फळ्यावर काढली तेव्हा ती मला पाहिलेल्या विहिरीच्या भिंतीसारखीच दिसली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक थंड होत गेले. काही घट्ट झाले, काही सच्छिद्र राहिले. दोन लोटांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून त्याची लाल माती झाली, तीच गेरू. पाणी मुरमातून आणि मांजऱ्यातून झरझर उतरते आणि घट्ट पाषाणावर किंवा गेरूवर येऊन अडते. पुढे जाता येत नाही म्हणून ते आडवे सरकते आणि डोंगराच्या अंगाला जेथे थर उघडा पडला असेल तेथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गेल्या वर्षी भूगोल विभागाची सहल भंडारदरा, रतनवाडी आणि घाटघर येथे गेली होती, तेव्हा समोरच्या डोंगरावर एकाच पातळीवर ओळीने पांढऱ्या धारा दिसल्या. ती ओळ म्हणजे थराची रेघ.

या खडकाला शास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्द स्वीडिश भाषेतला असून त्याचा अर्थ जिना. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. सह्याद्रीतल्या बहुतेक वाड्या, पाडे अशाच पायऱ्यांवर वसले आहेत. का वसले? कारण तेथे चार पावले सपाट जागा आहे, माती खोल आहे आणि झऱ्याचे पाणी आहे. पण ती माती आली कोठून? वरच्या कड्यावरून हजारो वर्षे जे दगडगोटे आणि माती ढासळत आली, त्याच ढिगाऱ्याची ती पायरी बनलेली असते. म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे तेथे राहता येते, त्याच तीन गोष्टी, सैल माती, खालचा घट्ट थर आणि मधले पाणी, दरडीलाही लागतात. हे मला या विषयातले सर्वांत अवघड सत्य वाटते. ‘धोक्याच्या जागी लोक राहतातच कशाला?’ असे शहरात बसून विचारणे सोपे आहे.

दरडींचे सर्वच प्रकार असे नसतात, हेही सांगितले पाहिजे. कल्याण-नगर रस्त्याने जाणाऱ्यांना माळशेज घाट परिचित आहे. तेथे पावसाळ्यात रस्त्यावर येतात ते मुख्यतः सुटे झालेले खडक. काळ्या पाषाणाला उभ्या भेगा असतात, त्यांत पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात, खालचा मऊ थर झिजतो आणि वरचा दगड लोंबकळत राहून एके दिवशी सुटतो. त्यावर लोखंडी जाळ्या, खिळे असे उपाय करता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड पडल्यानंतर तेथील कड्यांना जाळ्या बसवल्या गेल्या. रस्त्याला जाळी मिळाली. ते योग्यच झाले. मात्र माळीणसारखा मातीचा उतार जाळीने धरता येत नाही. तो चिखलाची नदी होऊन येतो आणि वाटेतले दगड, झाडे, घरे बरोबर घेतो. त्याला जाळी नव्हे, पाण्याची वाट लागते.

आता पुन्हा घोषणेकडे येऊ. दुष्काळी तालुक्यात डोंगरावर जे चर खणतात त्यांना समतल चर म्हणतात. समतल, म्हणजे चराचा तळ दोन्ही टोकांना एकाच पातळीवर. पाणी त्यात येते, थांबते आणि मुरते. हिवरे बाजारच्या उथळ मातीच्या, कमी पावसाच्या डोंगरावर हे अगदी बरोबर आहे. पण कड्याखालच्या खोल, सैल मातीच्या उतारावर, खाली वस्ती असताना, चार हजार मिलिमीटरच्या पावसात तोच समतल चर काय करील? जे पाणी पृष्ठावरून ओहोळात वाहून गेले असते, ते तो डोंगराच्या पोटात घालील. तेथे चर हवा, पण तो उतरता हवा. वस्तीच्या वरच्या अंगाला, कड्यावरून येणारे पाणी अडवून एका बाजूने नैसर्गिक ओहोळात नेऊन सोडणारा, आणि त्याचा तळ दगडांनी असा बांधलेला की पाणी त्यात मुरू नये. समतल आणि उतरता, एका शब्दाचा फरक आहे. खणणाऱ्या मजुराचे श्रमही तेवढेच. पण एक चर पाणी आत पाठवतो आणि दुसरा बाहेर काढतो.

वडिलांच्या कामातलीच एक गोष्ट येथे लागू पडते. विहिरीचा वरचा मातीचा भाग बांधून काढताना भिंतीत जागोजाग भोके ठेवतात. पाणी आत यावे एवढाच त्यांचा उपयोग नाही. ‘भिंतीमागं पाणी कोंडलं की ते भिंत ढकलतं,’ असे ते म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला बांधलेल्या कित्येक संरक्षक भिंती मी नंतर मुद्दाम पाहिल्या. काहींत भोकेच नव्हती. काहींत होती, पण मातीने बुजलेली. अशी भिंत पाहून माणूस निर्धास्त होतो आणि तिच्यामागे पाणी चढत राहते.

माळीणच्या घटनेनंतर पाहणी करणाऱ्यांनी मुसळधार पाऊस, तीव्र उतार, मातीचा जाड थर, आणि वरच्या उतारावर झालेले सपाटीकरण व त्याने अडलेला निचरा, अशी कारणे एकत्र मांडली. वर्तमानपत्रांतून आणि चर्चांतून मात्र यातले एकच कारण उरले. यंत्राने जमीन सपाट केली म्हणून डोंगर आला. त्यातूनही पुढे, आदिवासींनी डोंगर पोखरला म्हणून तो त्यांच्यावर आला, असेही बोलले गेले. हे ऐकून माझा एक वर्गमित्र, जो राजूरच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यावरचा आहे, दोन दिवस बोलत नव्हता. त्याची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

आंबेगाव-जुन्नरकडे ‘पडकई’ नावाची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात चार-सहा घरांनी एकत्र यायचे आणि आळीपाळीने एकमेकांच्या वरकस उतारावर दगडाचे बांध घालून खाचर तयार करायचे. हाताने केलेले काम. एका उन्हाळ्यात एखादे-दुसरे खाचर होते, ओहोळाची वाट सोडली जाते, बांध दोन पावसाळे बसतो, मग वरचे खाचर. पुढे याच नावाने सरकारी योजना आली आणि यंत्रे आली. यंत्राने जे काम होते ते महिन्याभरात सबंध उतारावर होते आणि डोंगराला बसायला वेळ मिळत नाही. तेव्हा दोष खाचराचा म्हणावा की घाईचा? आणि माणसाने उतारावर खाचर का करावे? कारण दरीतली सपाट जमीन धरणांखाली गेली. माळीणच्या खालच्या अंगाला डिंभे धरणाचा जलाशय आहे. आपल्याकडे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि प्रवरेच्या वरच्या खोऱ्यातली तळाची जमीन त्या पाण्याखाली आहे. त्या पाण्यावर श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस उभा राहिला. आम्ही खालच्या तालुक्यांतले लोक ते पाणी पितो, तेव्हा वरच्या उतारावर खाचर करणाऱ्याला दोष देताना थोडा विचार केला पाहिजे.

भाताला तर पाणी तुंबवावेच लागते. आवणी झाली की खाचरात पाणी उभे हवे. म्हणजे पोटासाठी पाणी अडवायचे आणि जिवासाठी सोडायचे, अशी ही कसरत आहे. जुन्या खाचरांना बांधात एक सांडवा ठेवलेला असतो. झड लागली की शेतकरी खोऱ्याने तो उघडतो आणि पाणी ओहोळाला लावतो. नव्या सपाटीकरणात सांडवे किती ठेवले आणि ते कोणत्या ओहोळाला लावले, हे कोणी तपासते काय, हा खरा प्रश्न. दुसरे असे की, जेथे जुलैत दिवसाला शंभर-दोनशे मिलिमीटर पडतो त्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. त्यांना पाणी साठवून नको असे कोण म्हणेल? साठवावे, पण खालच्या ओढ्यात, टाक्यात, झऱ्याच्या तोंडाशी बांधलेल्या कुंडात. घरांच्या डोक्यावरच्या मातीत नव्हे.

झाडे लावणे हा उपाय सर्वांना आवडतो. झाडांची मुळे वरचा मीटर-दीड मीटर थर धरून ठेवतात आणि पाने पावसाचा मार अडवतात, म्हणून झाडे हवीतच. पण दहा मीटर खोलीवरचा थर सुटला तर तो झाडांसकट येतो. वायनाडचा लोट वस्तीच्या वर, रानातूनच निघाला होता. वृक्षारोपणाचा एक कार्यक्रम झाला म्हणजे दरडीचा बंदोबस्त झाला, असे मानू नये.

डोंगर एकाएकी येत नाही. पुष्कळदा तो आधी सांगतो. रतनवाडीच्या वाटेवरील एका पाड्यावर आम्ही चहाला थांबलो होतो तेव्हा घरच्या म्हाताऱ्या आजींना विचारले, ‘आजी, एवढ्या पावसात भीती नाही वाटत?’ त्या म्हणाल्या, ‘पाऊस तं नेहमीचाच हाय बाबा. झरा गढूळ झाला का मंग भ्या वाटतं.’ सरांनी ते वाक्य तेथल्या तेथे वहीत उतरवून घ्यायला लावले. झऱ्याचे पाणी गढूळ होणे म्हणजे आतली माती सुटू लागणे. नेहमीचा झरा ऐन पावसात बंद पडणे त्याहून वाईट, कारण पाणी आत कोंडले आहे. कोरड्या जागी नवाच पाझर फुटणे, उताराच्या वरच्या अंगाला आडवी भेग पडणे, दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे, विजेचा खांब कलणे, भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक उतरणे, ही सगळी एकाच गोष्टीची रूपे आहेत. झाडांचे बुंधे खाली कोयत्यासारखे वाकलेले आणि वर सरळ असतील, तर तो उतार कित्येक वर्षे मुंगीच्या पावलाने सरकत आहे असे समजावे. भेग दिसली तर ती चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री घालावी, आणि माणसांनी तेथून हलावे.

सरकारी यंत्रणा काही करीत नाही असे नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातील डोंगराळ भागांचे दरडप्रवणतेचे नकाशे करण्याचे मोठे काम केले. त्या नकाशांचे प्रमाण पन्नास हजारास एक. आम्ही प्रात्यक्षिकात नकाशे वाचतो म्हणून याचा अर्थ कळतो. एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात चाळीस-पन्नास घरांची वाडी एका ठिपक्याएवढी येते. तिच्या वरचा झरा आणि तिच्या मागची भेग येत नाही. धोक्याच्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे घटनेनंतर विधिमंडळात सांगण्यात आले. नकाशा खोटा नसतो, पण यादीत नाव नाही म्हणजे भीती नाही असे वाचले जाते, ते घातक आहे.

हाँगकाँगचे उदाहरण सरांनी सांगितले ते येथे नोंदवतो. तेथे १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन दरडींत १३८ माणसे मेली. १९७७ मध्ये त्यांनी उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र कार्यालय काढले. पुढे माणसाने कापलेल्या किंवा भरलेल्या प्रत्येक उताराला क्रमांक दिला गेला. असे सुमारे साठ हजार उतार. प्रत्येकाचा निचरा साफ करण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहिलेले. ते श्रीमंत शहर आहे, हे खरे. पण क्रमांक देणे आणि गटारातला पालापाचोळा काढणे याला श्रीमंती लागत नाही. याउलट, निचऱ्याकडे लक्ष नसेल तर नवे बांधकामही टिकत नाही. माळीणचे पुनर्वसन करून वसवलेल्या नव्या गावात २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले आणि भिंतींना तडे गेले.

माझ्या त्या वर्गमित्राने गेल्या जूनपासून एक गोष्ट चालवली आहे. पर्जन्यमापक विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने सरळ बाजूंचा पत्र्याचा एक डबा वरून कापून घराच्या अंगणात, झाडापासून आणि वळचणीपासून दूर, दगडांत घट्ट बसवला. डबा सरळ असला की तोंड केवढेही असो, आत साचलेल्या पाण्याची पट्टीने मोजलेली उंची तोच पावसाचा आकडा. तो येथे वसतिगृहात असला की त्याची धाकटी बहीण रोज सकाळी आठ वाजता माप घेते आणि डबा रिकामा करते. आकड्याशेजारी ती झऱ्याचे पाणी स्वच्छ की गढूळ, तेही लिहिते. झडीच्या दिवसांत मागच्या तीन दिवसांची बेरीज निराळ्या शाईने. कोणत्या बेरजेला हलायचे हा आकडा प्रत्येक उताराचा निराळा असतो आणि तो चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदीशिवाय सांगता येणार नाही. तोपर्यंत पाड्याने एवढे ठरवले आहे की, झरा गढूळ झाला की रात्र खालच्या शाळेत काढायची आणि किल्ली शिक्षकांकडून आधीच घेऊन ठेवायची. पहिल्या वर्षाची वही भूगोल विभागाच्या कपाटात ठेवली आहे. अकोले आणि संगमनेरच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या ज्या मित्रमैत्रिणींना आपल्या गावी असा डबा बसवायचा असेल, त्यांनी ती जरूर पाहावी. आखणी कशी करायची ते पहिल्या पानावर लिहिले आहे.